जलसमाधी एका धुनेची

ह्युबर्ट पीसगुडनं आयुष्यात एकदाही चुकीची तबकडी लावली नव्हती! हे मी म्हणत नाही, तो स्वतःच म्हणायचा. रोज सकाळी सहा ते नऊ, रेडिओवरून, इंग्लंडमधल्या एसेक्सच्या निम्म्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा.

"मंडळी, बाकीच्या निवेदकांना तबकडी वाचून लावावी लागते. तुमच्या रेक्स रॉयलला नाही! माझा हात तबकडीला नुसता लागला की पुरे!"

रेक्स रॉयल म्हणजे ह्युबर्टच. पीसगुड नावाच्या माणसाकडून तरुण मुली गाणी ऐकून घेणार नाहीत, असं मालकाचं ठाम मत पडलं आणि ह्युबर्टचा एका दुपारीत रेक्स झाला. मालकाचं जहाज 'गुडरून'. डॅनिश मालवाहू, वयानं निवृत्त, तब्येतीनं कुरकुरणारं. वॉल्टनच्या किनाऱ्यापासून साडेतीन मैलांवर ते नांगर टाकून डुलत असायचं, कारण तीन मैलांपलीकडे सरकारचा हात पोचत नव्हता. जहाजावरून दिवसभर विनापरवाना रेडिओवर गाणी वाजायची आणि सरकार किनाऱ्यावर दातओठ खात बसायचं.

जहाजावर प्रत्येक निवेदकाची आपली एक धून होती. कार्यक्रम सुरू होताना ती वाजायची, संपताना ती वाजायची. किनाऱ्यावरचा माणूस दाढी करताना पहिल्या दोन सुरांवर सांगायचा, आता अमका आला. एकानं दुसऱ्याच्या धुनेला हात लावणं म्हणजे त्याचा दात घासायचा ब्रश वापरण्यासारखं होतं! दुपारच्या पाळीच्या कॉलिन स्प्रेकनं एकदा गंमत म्हणून ह्युबर्टची धून शिट्टीवर वाजवली, तर ह्युबर्ट त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही.

कारण ह्युबर्टची धून दुकानात मिळणारी नव्हती. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या वॉल्टनच्या लाइफबोटवाल्यांचा एक पितळी बँड होता. वीस वर्षांपूर्वी जत्रेत आवाज मुद्रित करणारा एक माणूस आला, त्यानं या बँडची एक तबकडी करून दिली. एकच! तीन मिनिटांची ती धून आणि मधोमध कॉर्नेटचा, म्हणजे आखूड तुतारीचा, एकल तुकडा. तो तुकडा ह्युबर्टच्या बाबांनी वाजवलेला. मध्येच एक सूर असा काही घसरायचा, की अनोळखी माणसाच्या हातातला चहा सांडावा. पण ह्युबर्टला तोच सूर सगळ्यात प्यारा. "तिथे बाबा श्वास घ्यायला अडखळायचे," असं तो सांगायचा आणि सांगताना दुसरीकडे बघायचा.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आई, एनिड पीसगुड, वॉल्टनला एकटीच राहायची. सकाळी सहाला धून वाजली की ती उठायची. नऊला पुन्हा वाजली की अंडं उकळत्या पाण्यात सोडायची आणि शेवटच्या सुराला बाहेर काढायची. अंडं कसं अगदी मऊ! आईला रोज दोनदा बाबांचं कॉर्नेट ऐकवतो, एवढं एक काम आपण मुलगा म्हणून चोख करतोय, असं ह्युबर्टला वाटायचं. आईला सोडून समुद्रात येऊन बसल्याची टोचणी त्यामुळे जरा बोथट व्हायची.

त्या तबकडीत एकच खोट होती. मागे सारखं ठक, ठक, ठक असं काहीतरी वाजायचं. ओरखडा असणार! लाटांनी सुई उडू नये म्हणून जहाजावर सगळेच सुईच्या दांडीवर पेनीचं एक नाणं ठेवायचे. ह्युबर्टनं त्या ठकठकीपायी तीन ठेवली, तरी ती काही हटेना.

"निदान टेपवर उतरवून तरी ठेव," कॉलिन म्हणायचा. "तबकडी फुटली तर?"

"माझ्या हातून? तबकडी?" ह्युबर्ट असा काही हसायचा की कॉलिननं तो विषयच सोडून दिला.

आता शुक्रवारची गोष्ट. शुक्रवारी ह्युबर्टच्या कार्यक्रमात जलसमाधी असायची! आठवड्यातलं सगळ्यात भिकार गाणं श्रोत्यांनी पत्रं लिहून निवडायचं आणि नऊला पाच कमी असताना ह्युबर्टनं ती तबकडी गोल खिडकीतून समुद्रात भिरकावायची. कॉलिन लांब वायरचा माइक खिडकीबाहेर धरायचा, म्हणजे घरोघरी 'डुबुक' ऐकू जावं. १९६६च्या एप्रिलातल्या त्या शुक्रवारी एकशे बारा पत्रं आली होती आणि सगळी एका बदकाविरुद्ध होती. कुणीतरी बदकाच्या आवाजात साडेचार मिनिटं प्रेमगीत गायलं होतं!

कंपनीनं बदकाची तबकडी आगाऊ पाठवलेली, म्हणून तिच्यावर नुसता कोरा पांढरा कागद. बाबांच्या तबकडीवरही कोरा पांढरा कागद. दोन्ही टेबलावर शेजारीशेजारी. तेवढ्यात 'गुडरून'नं एक आळस दिला, चहाचा कप इकडून तिकडे गेला, तबकड्या तिकडून इकडे आल्या.

"जरा बघून घे रे," कॉलिन खिडकीतून म्हणाला.

"हात लागला की पुरे!" ह्युबर्टनं माइकवर जाहीर केलं. "मंडळी, टोप्या काढा! हे निघालं..."

डुबुक!

"शांती लाभो!" ह्युबर्ट म्हणाला आणि उरलेली तबकडी लावून झोकात सुई ठेवली.

"क्वॅक," तबकडी म्हणाली.

ह्युबर्टचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हिरवा. दोन वर्षांत त्याला एकदाही बोट लागली नव्हती, ती त्या क्षणी लागली. खुर्ची उलथून तो खिडकीशी धावला आणि अर्धा बाहेर लोंबकळला.

"बाबा!" तो ओरडला. "अरे, बाबांना फेकलं मी! स्वतःच्या हातानं फेकलं! बाबा बुडाले!"

माइक खिडकीबाहेरच होता. एसेक्सच्या निम्म्या किनाऱ्यानं हे सगळं स्वच्छ ऐकलं, मागे बदकाच्या साथीसकट!

कॉलिननं माइक आत ओढला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. किनाऱ्याशी बोलायची दुसरी सोय जहाजावर नव्हती. सरकारनं ती कधीच तोडली होती. म्हणून कॉलिननं थेट श्रोत्यांनाच समजावायचं ठरवलं. माणूस चांगला, पण खुलासा करायला उभा राहिला की परिस्थिती हाताबाहेर जायची.

"मंडळी, घाबरू नका," तो म्हणाला. "रेक्सचे वडील आत्ता बुडालेले नाहीत. ते तीन वर्षांपूर्वीच वारलेत."

क्षणभर विचार करून त्यानं आणखी खरं सांगितलं.

"रेक्स आता त्यांना चाळणीनं वर काढायचा प्रयत्न करतोय."

हेही खरंच होतं. योप नावाच्या डच आचाऱ्यानं वाटाण्याचं सूप गाळायची चाळणी दोरीला बांधून आणून दिली होती आणि ह्युबर्ट कठड्यावर ओणवा होऊन उत्तर समुद्र गाळत होता. पहिल्या खेपेला एक जेलीफिश आला, दुसऱ्या खेपेला तोच आला.

"पोरा, तबकडी तळाला गेली रे," योप म्हणाला.

"तू नुसता दोर धर!"

"धरतो बाबा. पण दुपारचं सूप कशातून गाळू?"

ह्युबर्ट मटकन डेकवरच बसला. "योप, आता नऊ वाजून गेले. आई पातेल्यापाशी उभी असेल. बाबांचं एवढंच उरलं होतं रे तिच्याकडे, आणि मी तिला बदक ऐकवलं!" आणि एवढा मोठा रेक्स रॉयल ढसाढसा रडला. योप चाळणी मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसून राहिला.

तासाभरात वॉल्टनची लाइफबोट पाणी उडवत आली. पुढे तिचे म्होरके अल्बर्ट थरगुड उभे होते, एका हातात ब्लँकेट, दुसऱ्या हातात कर्णा.

"ह्युबर्ट! बाळा! कठड्यापासून लांब हो! उडी मारायची नाही! आपण बोलून मार्ग काढू!"

"मी कशाला उडी मारू, अल्बर्टकाका?"

"बरोबर! अगदी बरोबर! असंच म्हणत राहा!"

आणि काकांच्या मागे, पर्स छातीशी धरून, रविवारची टोपी घालून, आई!

"ऐकेनाच!" काका ओरडले. "आमच्या आधी बोटीत जाऊन बसली होती. म्हणाली, उचलून बाहेर काढा!"

दोराची शिडी खाली सोडली. सदुसष्ट वर्षांची एनिड पीसगुड पर्स दातांत धरून वर चढू लागली. मध्ये थांबून तिनं पर्स काढली. "अल्बर्ट, वर बघू नकोस!" पर्स परत दातांत.

"बघत नाही, एनिड! मी डोळे मिटून शिडी धरलीय!"

वर येताच आईनं ह्युबर्टला नखशिखान्त न्याहाळलं, कपाळाला हात लावून पाहिला, आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेलं अंडं काढलं. "खा. त्या मेल्या बदकापायी दगड झालंय, पण मला टाकवलं नाही. आणि वडिलांचं काय झालं ते नीट सांग."

ह्युबर्टनं सांगितलं. हुंदके देत, सगळं. दोन पांढऱ्या तबकड्या, डुबुक, क्वॅक. "आई, बाबांचं कॉर्नेट गेलं गं. माझ्यामुळे गेलं."

अल्बर्टकाकांनी हळूच टोपी काढली. ह्युबर्टला वाटलं, दुःखानं काढली. पण काकांचा चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता!

"नक्की बुडाली ना? तरंगायची नाही ना?"

"काका!"

"बाळा, देव तुझं भलं करो!" काकांनी त्याचा हात धरून गदागदा हलवला. "दोन वर्षं! रोज दोनदा! तो घसरलेला सूर सगळ्या किनाऱ्याला ऐकवतोस तू! माझी बायको बरोब्बर त्या जागी माझ्याकडे बघते!"

"तुमच्याकडे का?"

काका आईकडे बघू लागले. आई समुद्राकडे बघू लागली.

"अरे, जत्रेच्या आदल्या दिवशी टॉफी खाताना तुझ्या बाबांचा पुढचा दात पडला," ती म्हणाली. "ओठ हा एवढा सुजला. त्यांचा तुकडा अल्बर्टनं वाजवला. घरी तबकडी लावली तेव्हा तू टाळ्या पिटत म्हणालास, बाबा वाजवतायत, बाबा वाजवतायत! सात वर्षांचा होतास. कुणाच्या तोंडून 'नाही' निघणार? पुढे राहूनच गेलं."

ह्युबर्ट डोळे फाडून बघत राहिला. "मग तू रोज ऐकायचीस ते अल्बर्टकाका?"

"मी ते संपायची वाट बघायचे! शेवटच्या सुरानंतर तू म्हणतोस ना, 'उद्या भेटू, जपून राहा'? मला ठाऊक आहे, ते तू सगळ्यांनाच म्हणतोस. पण मी रोज 'हो रे' म्हणते. तेवढ्यासाठी रेडिओपाशी असते मी. उभं राहायचंच, तर म्हटलं अंडंही होऊन जाऊ दे."

ह्युबर्टनं अंडं खाल्लं. ते खरोखरच दगड होतं.

"म्हणजे तबकडीत बाबा नव्हतेच," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"नव्हते कसे? शेजारी उभे होते की! अल्बर्ट ताल सोडतो, म्हणून बूट आपटत होते. ऐकू यायचं ना मागे, ठक, ठक?"

ह्युबर्टचा हात अंड्याच्या टरफलासकट हवेतच राहिला. "ते बाबा होते? आई, मी तो ओरखडा समजलो! तो जावा म्हणून दोन वर्षं त्याच्यावर तीन-तीन पेन्या ठेवल्या!"

"आणि गेला का?"

"नाही."

"कसा जाईल? हट्टी होता माणूस," आई म्हणाली आणि तिनं रुमालाच्या टोकानं त्याच्या हनुवटीवरचा पिवळा बलक पुसला. मग त्याच टोकानं स्वतःचे डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी नऊला 'गुडरून'वर तबकडी लागलीच नाही. कॉलिननं शिट्टी वाजवली, योपनं कंगव्याला कागद लावून कॉर्नेटचा तुकडा वाजवला आणि घसरायच्या जागी इमानानं घसरला. ह्युबर्ट माइकखाली, लाकडी फळीवर, बूट आपटत होता. ठक, ठक, ठक. शेवटी तो म्हणाला, "उद्या भेटू, जपून राहा." आणि पहिल्यांदाच, उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा थांबून त्यानं माइक बंद केला.

सोमवारी सामानाच्या बोटीनं बटाट्यांबरोबर आईची चिठ्ठी आली. ह्युबर्टनं ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली आणि लगेच पस्तावला.

"चि. ह्युबर्टास, तुमची धून सहा मिनिटं चालते. अंडं रोज दगड होतंय. त्या कंगवेवाल्याला सांग, जरा लवकर आटप, मला दातही थोडेच उरलेत. आणि तू ताल सोडतोस, थेट अल्बर्टसारखा. तरी बूट थांबवू नकोस."