दुपारच्या वाचकांची सरासरी

काम करण्यापेक्षा कामाची तयारी श्रेष्ठ, हे सर्व प्रगत संस्थांना मान्य आहे. कामात चुका होतात. तयारीत फक्त प्रगती होते.

ग्रंथपालबाईंना हे सोमवारपर्यंत ठाऊक नव्हतं. दुपारच्या वाचनकक्षात रोज सरासरी किती माणसं येतात, ते शुक्रवारी समितीला सांगायचं होतं. आकडा कमी निघाला, की कक्षाला कुलूप. सह्यांचं रजिस्टर समोरच होतं. पण भाची फोनवर म्हणाली, "मावशी, हाताने काय मोजतेस? कोडिंगची नोटबुक लाव. वहीसारखीच असते, फक्त गणित तीच सोडवते. पाच मिनिटांचं काम!"

(भाचीची पाच मिनिटं हे एकक अद्याप प्रमाणित झालेलं नाही.)

सोमवारी बाईंनी संगणकावर पायथन, म्हणजे नोटबुकला कळणारी भाषा, बसवलं. मंगळवारी कळलं, की तिथे आधीच दोन पायथन नांदत होते आणि तिघांचं आपसात पटत नव्हतं. "नव्याला वेगळं बिऱ्हाड थाटून दे, त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात," भाची म्हणाली. बुधवारी बिऱ्हाड थाटलं. ते एका फोल्डरमध्ये असतं. कोणत्या, ते आठवत नसतं. मग नोटबुक उघडली आणि तिने 'कर्नल सापडत नाही' असं नम्रपणे कळवलं. हा कर्नल कोण, हे बाईंनी विचारलं नाही. सापडत नाही म्हटल्यावर त्या शोधायला लागल्या.

लाल अक्षरांत एकूण एकवीस सूचना आल्या. पैकी एकोणीस दुर्लक्ष केलं तरी चालणाऱ्या होत्या. उरलेल्या दोन कोणत्या, याची सूचना आली नाही.

रोज तीनच्या ठोक्याला येणारे म्हातारे शिंपीकाका टेबलाशी डोकावले. "बाई, रजिस्टर द्या इकडे. चहा निवायच्या आत मोजून देतो."

"काका, ते हाताने झालं."

"मग?"

"मग पुढच्या वेळीही हातानेच करावं लागेल."

काका परत आपल्या खुर्चीकडे वळले. (याला तांत्रिक भाषेत पटणं म्हणतात.) येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय संगणकाच्या वायरीत अडकत होते, म्हणून गुरुवारी वाचनकक्ष बंद ठेवण्यात आला. काकांनी वर्तमानपत्र पायरीवर बसून वाचलं.

त्याच दुपारी बाईंनी नोटबुकात एक अधिक एक लिहिलं. दोन आले. बाईंनी लगेच फोन लावला. फोनवर भाचीने टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी अध्यक्षांनी चष्मा सावरून पडद्याकडे पाहिलं. "हे काय?"

"एन्व्हायर्नमेंट आहे, सर. चालू आहे."

समितीत पाच जण होते. बाकीच्या चौघांना कळलंय, या खात्रीने पाचही जणांनी माना डोलावल्या. वाचनकक्ष कायम राहिला. शिवाय ठराव झाला, की बाईंनी आठवड्यातून चार दुपारी इतर शाखांतही असंच एन्व्हायर्नमेंट लावून द्यावं. त्या दुपारी कक्ष अर्थातच बंद राहील.

वाचकांची सरासरी किती आली, हे सभेत कुणीच विचारलं नाही. आणि तुम्ही? इथवर वाचत आलात, एन्व्हायर्नमेंट लागलं तेव्हा तुम्हालाही हायसं वाटलं. तुम्ही तरी कुठे विचारलंत?