उपस्थिती सहा

आपल्या टेबलावर कुठलाही कागद दोन दिवसांच्या वर मुक्काम करत नाही, ही ख्याती काकासाहेबांनी स्वतःच सव्वीस वर्षं खपून पसरवली होती. पंचायत समितीत येणाऱ्या दहा पत्रांपैकी नऊ माहिती मागणारी असतात आणि त्या नवांना एकच औषध लागू पडतं, असं त्यांचं म्हणणं. ते औषध म्हणजे ‘निरंक’. किती विहिरी खचल्या? निरंक. किती तक्रारी आल्या? निरंक. या एका शब्दावर त्यांनी सात साहेब सुखरूप निवृत्तीपर्यंत पोचवले होते.

आता सुखरूप सुटायची पाळी त्यांची स्वतःची होती. नऊ वर्षं अर्ज केल्यावर जामखेडला बदली मिळाली होती. तिथून खर्डा जवळ, खर्ड्यात घर आणि घरात बायको, रोहिणीबाई. टेबलावर एकही कागद शिल्लक नाही असा दाखला दिला, की शुक्रवारी कार्यमुक्त.

बुधवारी पत्र आलं. दिल्लीत एआयच्या सुरक्षेसाठी एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली होती. तिनं मुंबईला राज्य कक्ष काढायला लावला, राज्यानं नगरला जिल्हा कक्ष काढला, जिल्ह्यानं तालुका कक्ष काढायला सांगितलं, आणि तालुक्यात मोकळी खोली नसल्यामुळे काकासाहेबांनाच कक्ष करण्यात आलं. सोबतच्या ऑनलाइन फॉर्मात विचारणा एवढीच होती, की आपल्या हद्दीत एआयमुळे किती दुर्घटना घडल्या. महिनाअखेर दिल्लीला परदेशातल्या अशाच संस्थांपुढे आकडा ठेवायचा होता.

“शून्य टाक अन् मोकळी हो,” काकासाहेब कॉम्प्युटरवर बसलेल्या मोनिकाला म्हणाले.

“शून्य घेत न्हाई काका. रिकामं बी सोडू देत न्हाई. एक तरी पाहिजे म्हनतंय.”

सव्वीस वर्षांत ‘निरंक’ पहिल्यांदाच परत आलं होतं. बायकोला आणायला गेलेल्या आणि सासऱ्यानं उंबऱ्यावरूनच वाटेला लावलेल्या जावयासारखे काकासाहेब स्क्रीनकडे बघत राहिले. शेवटी आठवलं ते मोनिकालाच. गेल्या महिन्यात एका गावची ग्रामसभा झाली होती. माणसं हवीत शंभर, आली एकोणचाळीस. सरपंच दगडाबाईंनी त्या एकोणचाळीसांना आपल्याच वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर बसवून फोटो काढला. फ्लेक्सवर दगडाबाई आणि शुभेच्छुक धरून चेहरे बासष्ट. हजेरी मोजणाऱ्या एआय अ‍ॅपनं उपस्थिती सांगितली एकशे एक, आणि सभा कायदेशीर झाली.

काकासाहेबांनी दुर्घटना एक, असं भरून टाकलं. देशभरच्या ढिगात एक ओळ कोण वाचतंय, हा त्यांचा हिशेब. तो हिशेब चुकला, कारण बाकीच्या तालुक्यांनी फॉर्मच भरला नव्हता. शुक्रवारी कार्यमुक्तीच्या आदेशाऐवजी चौकशी समितीचा आदेश आला. सदस्य पाच: दिल्ली, मुंबई, जिल्हा, तालुका आणि तज्ज्ञ. चौकशी मिटल्याशिवाय काकासाहेबांना सोडू नये, असं खाली ठळक अक्षरात लिहिलेलं.

चौकशीच्या दिवशी दगडाबाईंनी पाचही पाहुण्यांचे फोटो मिळवून स्वागताचा भला मोठा फ्लेक्स लावला. त्यांच्या मनात किंतु नव्हताच. “चूक काय झाली म्हनायची?” त्यांनी काकासाहेबांना विचारलं. “फ्लेक्सवरचे समदे गावातलेच हायती. त्यातले निम्मे सभेला आले असते तरी गप्पच बसले असते.”

गाडी मात्र एकच आली, दिल्लीच्या राधाकृष्ण साहेबांची. समन्वय दिल्ली करणार असं मुंबई धरून चालली होती, मुंबई करणार असं जिल्हा, आणि जिल्ह्याचा फोन येईल म्हणून तालुक्याचे साहेब फोन चार्जिंगला लावून बसले होते. तज्ज्ञांना तर आपण तज्ज्ञ आहोत हे कुणी कळवलंच नव्हतं. बैठकीला तीन सदस्य हवे होते, आणि गुरुवारी अहवाल परदेशी जायचा होता.

राधाकृष्ण साहेबांनी घड्याळ पाहिलं, फ्लेक्स पाहिला आणि खुर्ची उचलून फ्लेक्सच्या पुढ्यात नेली. “ते अ‍ॅप आहे ना तुमच्याकडे? काढा फोटो.”

“साहेब, चौकशी त्याच अ‍ॅपची हाय,” काकासाहेब म्हणाले.

“अहवाल येईपर्यंत ते निर्दोषच धरायचं असतं.”

काकासाहेबांच्या डोळ्यांपुढे खर्ड्याचं घर आलं. त्यांनी फोटो काढला. खुर्चीवर एक साहेब, मागे फ्लेक्सवर पाच; अ‍ॅपनं उपस्थिती सांगितली सहा, आणि सहा सदस्यांची नावं मागितली. काकासाहेबांनी पाच भरली. सहाव्या जागी राधाकृष्ण साहेबांचं नाव अ‍ॅप पुन्हा घेईना, आणि रिकामी जागा तर मुळीच सोडू देईना. काकासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिथं स्वतःचं नाव घालून बटण दाबलं.

चौकशी मिटली. अ‍ॅपमध्ये दोष आढळला नाही. पुढच्याच आठवड्यात दिल्लीहून आदेश आला: समितीचं काम समाधानकारक असल्यानं ती तीन वर्षांसाठी कायम करण्यात येत आहे, आणि मुदत संपेपर्यंत तिच्या सहाही सदस्यांची बदली करू नये.

काकासाहेबांनी घरी फोन लावला आणि सगळं अथपासून इतिपर्यंत सांगितलं.

“मग असं करा,” रोहिणीबाई म्हणाल्या, “तुमचा बी एक फ्लेक्स पाठवून द्या. ओसरीवर लावते. घरात मानूस हाय, असं मोजनाराला तरी वाटंल.”