अप्पांचं एकच गाणं

गुरुलिंगअप्पा गिटारच्या मास्तराची परीक्षा घेत, तेव्हा मास्तराच्या हातात गिटार देत नसत. आधी स्वतः गाऊन दाखवत.

त्याला गाणं म्हणायचं ते अप्पा म्हणत होते म्हणून. ते मांडी घालून, डोळे मिटून बसत. पोटातून ‘टँव’ असा एक आवाज काढत आणि तो हळूहळू वर चढवत नेत. मध्येच थांबत, जरा खाली आणत, परत वर नेत. कुठंतरी तो त्यांच्या मनासारखा बसला की मान हलवत आणि दुसरा ‘टँव’ धरत. असे सहा झाले की डोळे उघडून विचारत, “हे गाणं येतंय काय?”

मास्तर म्हणे, “नाही बुवा.”

“इरली,” अप्पा म्हणत. कानडीत इरली म्हणजे असू दे. मग मास्तराला गूळ-शेंगदाणे खायला घालत, तांब्याभर पाणी देत आणि वाटेला लावत. मास्तराला दुसरी शंभर गाणी येत असली तरी त्याचा उपयोग नव्हता.

ही निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट आहे. आमचं अणदूर सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. अप्पांचं करडईच्या तेलाचं दुकान होतं आणि आमचं घर त्याला लागून होतं. आमच्या घराण्यात पाटीला हात लावणारा मी पहिला. “पोराला शिकू दे, ढोरं वळायला गावात लई जण हायेत,” असं माझ्या वडिलांना दुकानाच्या पायरीवर बसवून सांगणारे अप्पाच होते. त्यामुळे पुढं मला उर्दू, इंग्रजी लिहिता यायला लागल्यावर त्यांची पत्रं लिहिणं हे माझं काम झालं, यात मला कधी वावगं वाटलं नाही.

अप्पांना आणि त्यांच्या पत्नी पार्वतीअव्वांना मूलबाळ नव्हतं. दुकानामागची खोली रिकामीच असायची. रस्त्यावर सरकारचा जकातीचा नाका होता. तिथं सिकंदराबादेहून सॅम्युअल नावाचा एक तरुण ख्रिस्ती इन्स्पेक्टर बदलून आला आणि त्या खोलीत राहायला लागला. जेवायलाही तो अव्वांकडेच. लिंगायताच्या घरात ख्रिस्ती माणूस जेवतो म्हणून गावात चार दिवस कुजबुज झाली. अप्पा म्हणाले, “ज्वारीची भाकरी अन् शेंगाची चटणी खाऊन कुणाचा धर्म बुडाला म्हणं?” कुजबुज तिथंच मिटली. अव्वा त्याला सामू म्हणायला लागल्या. त्याला मराठी बेताची येई आणि अव्वांना त्याची भाषा येत नसे. “वाढू?” आणि “बास” या दोन शब्दांवर त्यांची दोन वर्षं चांगली गेली.

गिटार त्याची. एके दिवशी त्याची अचानक बदली झाली. मोटारीत बसायलाच जागा नव्हती, तिथं एवढं वाद्य कुठं ठेवणार? “दसऱ्याला येऊन घेऊन जातो,” असं म्हणून तो गिटार अप्पांच्या हवाली करून गेला.

तो दसरा गेला. त्यानंतरचाही गेला. गिटार खुंटीला होती. दर सोमवारी अप्पा तिला करडईचं तेल पुसत. खंडेनवमीला तराजू, मापं, पळ्या यांच्या रांगेत तीही पूजेला असे, कपाळ समजून वरच्या टोकाला विभूतीचे पट्टे ओढलेली. आणि मधल्या काळात अप्पांनी मास्तराचा शोध चालवला होता.

मी एकदा म्हणालो, “अप्पा, मास्तर कशाला? सॅम्युअल साहेबांनाच पत्र लिहू. हैदराबादेच्या कचेरीतून पत्ता मिळेल.”

“नको,” अप्पा एकदम म्हणाले. “पत्र गेलं की तो शिपाई धाडील अन् गिटार घिऊन जाईल. मग तो कशाला येतोय?”

“मग मास्तर कशाला?”

“तो आल्यावर काय बोलायचं त्याच्यासंगट? त्याला आपलं कळत न्हाय, आपल्याला त्याचं. त्याचं गाणं वाजवून दावलं तर चार दिस राहील तरी.”

हे त्यांनी तेलाची धार मापात सोडता सोडता, गिऱ्हाईक समोर असताना सांगितलं. मी ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. मला त्यांच्या गाण्याचंच हसू येत होतं.

पहिला मास्तर झाला तो गावातला धोंडीबा वाघ्या. तारेचं वाद्य वाजवणारा गावात तोच एक. खंडोबापुढं तुणतुणं वाजवण्यात त्याचा जन्म गेलेला. गिटार पाहून तो घाबरला. “मालक, मला एकच तार येती. हितं तर सहा हायेत.”

“एक तर एक,” अप्पा म्हणाले. “एक तू शिकीव. बाकीच्या पाचांचं मग बघू.”

अप्पांच्या हिशेबानं सहा तारा म्हणजे सहा इयत्ता होत्या. धोंडीबानं त्यांना सगळ्यात जाड तार सुरू करून दिली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानातून तुण-तुण-तुण ऐकू येई. पण आमचा खंडोबा वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला असतो. दोन गावांचा देव एकच, तसा जुना करारच आहे. पालखी निघाली की धोंडीबाही देवाबरोबर जाई, आणि अप्पांची शाळा बंद पडे. परत आल्यावर धोंडीबा विचारी, “कुठवर आलो हुतो आपण?” अप्पा म्हणत, “पहिल्याच तारंवर.”

नळदुर्गच्या जत्रेत धोंडीबाला मुनीरमियाँ भेटले. ते म्हातारे सतार दुरुस्त करत. धोंडीबा त्यांना मोठ्या अभिमानानं घेऊन आला. मुनीरमियाँनी गिटार उलटीपालटी केली, तिच्या पोटातल्या भोकात डोळा लावून पाहिलं आणि म्हणाले, “अप्पाजी, इसकू पेट है, कमर है, मगर तरबा कां है? ये सितार नै, सितार की सौतन है.” तरबा म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखालच्या बारीक तारा; त्या नव्हत्या, तरीही त्यांनी ती सतारीसारखी लावायचा प्रयत्न केला. पिरगाळता पिरगाळता बारीक तार फटकन तुटली.

तुटलेली तार अप्पांनी गुंडाळून गल्ल्यात ठेवली. संध्याकाळी अव्वांनी मला विचारलं, “साहेबाला कळलं तर रागवंल का रे?” धोंडीबानं आपल्या तुणतुण्याची जास्तीची तार आणून तिथं बसवली. ती तिथं शोभत नव्हती, पण मोजून सहा भरत होत्या.

मग पत्रं सुरू झाली. सोलापूरच्या एका वाद्यांच्या दुकानाला लिहिलेलं पत्र मला अजून पाठ आहे. अप्पा सांगत गेले, मी लिहीत गेलो: ‘गिटार शिकवणारा मास्तर पाहिजे. राहणे, जेवण आमच्याकडे. मांसाहार नाही. गाणे एकच शिकवायचे आहे. बाकीची येत असली तरी हरकत नाही, पण वाजवू नयेत.’

नवल म्हणजे उत्तर आलं. एका मास्तरानं विचारलं होतं, गाणे कोणते ते कळवावे.

अप्पा खूश झाले. म्हणाले, “लिही.” आणि डोळे मिटून गायला लागले. मी टाक हातात धरून बसलो. शेवटी प्रामाणिकपणे ‘टँऽव, टँऽऽव, टँऽऽऽव’ असं सहा वेळा लिहिलं, चढ दाखवायला अक्षरं ओळीतून तिरकी वर नेली आणि पत्र टाकलं. त्यानंतर त्या मास्तरांचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्रांवरून दोघे-तिघे आले, ते परीक्षा देऊन, गूळ-शेंगदाणे खाऊन वाटेला लागले.

पुढं मी कॉलेजसाठी हैदराबादेला गेलो. अप्पा दर महिन्याला शाळामास्तरांकडून पत्र लिहून घेत. पहिली ओळ माझ्या प्रकृतीची, दुसरी अभ्यासाची, तिसरी नेहमी एकच: ‘तिकडे मोठे शहर आहे, मास्तराचे काय झाले?’

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुटीआधी, मी लाजेकाजेस्तव एका दुपारी सिकंदराबादेला गेलो. एका चर्चजवळ वाद्यांचं दुकान होतं. गिटार शिकवणारं कुणी आहे का म्हणून विचारलं. दुकानदारानं दोन गल्ल्या पलीकडचं एक घर सांगितलं. दार उघडलं ते सॅम्युअलनं.

त्यानं मला ओळखायला थोडा वेळ घेतला. मग हाताला धरून आत नेलं. लग्न झालं होतं, पाळण्यात मुलगी होती, कोपऱ्यात नवी कोरी गिटार होती. अव्वांच्या चटणीची त्यानं पहिल्या मिनिटात आठवण काढली. मी जुन्या गिटारचा विषय काढला, तेव्हा तो चकित झाला.

“वो अब्बी है क्या? मैं समझा, टूट गई होंगी.”

“है. हर सोमवार को तेल लगाते हैं.”

“तेल?” त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, “रखने बोलो उनकू. मेरेकू अब क्या करना है.”

त्यात तुसडेपणा नव्हता. माणूस चांगलाच होता. तो पुढं सरकला होता, एवढंच. मला मात्र अणदूरला जाऊन हे सांगायचं होतं.

निघण्याआधी मी म्हटलं, त्यांना तुमचं एक गाणं शिकायचं आहे. आणि अप्पांसारखे डोळे मिटून सहा ‘टँव’ म्हणून दाखवले. सॅम्युअल आधी बघत राहिला आणि मग इतका हसला की पाळण्यातली मुलगी रडायला लागली.

“अरे, ये गाना नै है भाई! मैं तार मिलाता था!”

हळूहळू उलगडा झाला. दिवसभर पत्र्याच्या खोलीत गिटार तापायची, तारा उतरायच्या. संध्याकाळी अप्पा लिंगपूजेला बसत, अव्वा तवा ठेवत, तेव्हा हा एकेक तार चढवून सुरात लावून ठेवी. मग जेवून, गिटार घेऊन रात्रपाळीला नाक्यावर जाई. त्याची खरी गाणी ऐकली ती नाक्यावरच्या शिपायांनी आणि अडवलेल्या बैलगाड्यांनी. अप्पांच्या घरात दोन वर्षं गिटार नुसती लावली गेली होती.

तो तास दीड तास माझ्याजवळ बसला. तारा कशा लावायच्या, एकीवरून दुसरी कशी मिळवायची, ते त्यानं शिकवलं. तारांचं एक पाकीट दिलं. सुटीला गावी येताना वाटेतही मी ते सहा सूर तोंडानं घोकत होतो. मोटारीतली माणसं माझ्यापासून जरा सरकून बसली.

अणदूरला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. अप्पा आत पूजेला बसले होते. मी कुणाला न सांगता ओसरीवर बसलो, खुंटीवरची गिटार काढली आणि धोंडीबाची तार सोडून नवी चढवली. अप्पांशी कसं बोलायचं ते सुचत नव्हतं, म्हणून हात कामाला लावले होते. एकेक तार पिळायला लागलो. टँव. जरा वर. जरा खाली. परत वर.

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग अव्वांचा आवाज आला, रोजच्यासारखा, घाईतला:

“सामू, पाय धू रे. टाकते भाकरी.”

आणि थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

माझा हात तारेवरच राहिला. अप्पा पूजा अर्धी सोडणाऱ्यातले नव्हते. ते पूजा संपवूनच बाहेर आले, पण विभूती त्या दिवशी वाकडी लागली होती. त्यांनी मला पाहिलं, मग अंगणात पाहिलं, मग दाराबाहेर रस्त्यापर्यंत.

“तू व्हय,” ते म्हणाले.

मी सगळं सांगून टाकलं. तो बरा आहे. लग्न झालंय, मुलगी झालीय. चटणीची आठवण काढली.

“अन् गिटार?”

“ठेवून घ्या म्हणाले.”

अप्पांनी नव्या तारेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, “इरली.” तोवर अव्वा ताट घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. ताट हातातच राहिलं.

“दे की त्याला,” अप्पा त्यांना म्हणाले. “मास्तर आलाय आपला.”

मी जेवलो. समोर दोघंही बसून होते. भाकरी गरम होती. ते गाणं नाही, हे सांगायचं माझ्या मनात होतं. जेवण होईपर्यंत ते मनातून गेलं.

त्या सुटीत मी अप्पांना सहाही तारा शिकवल्या. धोंडीबा रोज येऊन बघत बसे आणि जाड तारेची पाळी आली की “ही आमची” म्हणे. जायच्या आदल्या दिवशी अप्पांनी सगळं एकट्यानं केलं. शेवटची तार बसल्यावर त्यांनी गिटार खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणाले, “जमलं.” पुढं वाजवायचं काही असतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

नंतर मी पदवी घेतली, नोकरीला लागलो, राज्यही बदललं. अप्पांचा क्रम बदलला नाही. रोज संध्याकाळी पूजा झाली की ते तारा सैल करत, पुन्हा एकेक चढवत, सहा सूर लागले की गिटार खुंटीला टांगत. गावात म्हणत, अप्पांना गिटार येते, पण गाणं एकच येतं.

ते ऐकूनच अव्वा तव्यावर भाकऱ्या टाकत. घरात माणसं दोन, भाकऱ्या तिघांच्या. मी गावी असलो की तिसरं ताट माझं असे. मी नसलो की ते कुणापुढं जाई, हे मी कधी विचारलं नाही.