परक्या दावणीचा सुरज

सुरजला आपल्या वडिलांची लाज वाटत होती, असं म्हणणं काही बरोबर होणार नाही. ते कुणाच्या नजरेस पडू नयेत, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून तर त्यानं फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, की आण्णा, मैदानावर येऊ नका, कडा गावच्या एसटी स्टँडवर थांबा, मी कागद घेऊन तिथं येतो, तिथंच सही करा आणि तसेच माघारी जा. आण्णा प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणाले होते.

कागद साधासुधा नव्हता. बालाघाट संघाचा सात महिन्यांचा करार होता. बास्केटबॉल खेळायचा, महिन्याला पगार घ्यायचा, राहणं-खाणं संघाचं. सुरज सहा फूट तीन इंच वाढला होता, पण वयानं अठराला तीन महिने कमी पडत होता, म्हणून वडिलांची सही लागत होती. त्यात अजून नक्की काहीच नव्हतं. शिबिरात पोरं चौदा आणि घ्यायची बारा. संघाचे मालक अमरसिंह बाप्पा यांना संध्याकाळी पाचला यादी हवी होती, आणि प्रशिक्षक केदारनाथ सरांचं घोडं आठ दिवसांपासून सुरजपाशीच अडलं होतं. या पोराला खेळवायचं कुठं? बास्केटखाली उभा केला तर दांडगी पोरं त्याला ढकलून देत. बाहेरून नेम धरायला लावला तर दहातले तीन जात. बचावाचं तर सुरज नावच काढत नसे, कारण बचाव करणाऱ्याचा फोटो कुठं छापून येत नाही, हे त्यानं बारकाईनं पाहून ठेवलं होतं.

दुपारी तीनला सराव रंगात आलेला असताना मैदानाच्या कडेला एक पिकअप येऊन थांबली. मागं दोन बैल उभे होते. सरांनी शिट्टी वाजवली आणि त्यातला एक बैल हंबरला. दार उघडून धोतर, बंडी आणि लाल फेटा एवढा सरंजाम खाली उतरला. हातात नवीन कासऱ्यांचा जुडगा होता. सुरजचे आण्णा, सुंदरराव, आष्टीकडून एक जोडी घेऊन निघाले होते, आणि स्टँडवर बैल उन्हात तापतील म्हणून सरळ सावली बघून मैदानावरच आले होते. पोराचं उन्हातान्हाचं पुढं बघता येईल, जनावराचं आधी बघावं, असा त्यांचा स्वभाव होता.

सुरजनं संघातल्या पोरांना सांगितलं होतं, की आमच्या वडिलांचा ट्रेडिंगचा बिझनेस हाय. ते खोटं नव्हतं. सुंदरराव तीस वर्षं बैलबाजारात दलाली करत होते. पण पोरांनी मनात जो काचेच्या दाराचा बिझनेस उभा केला होता, त्यात शेण नव्हतं.

“कोण बे त्ये?” सुग्रीवनं विचारलं. सुग्रीव म्हणजे संघातला सगळ्यात जास्त गुण काढणारा खेळाडू, लाल बुटांचा.

सुरजचं तोंड त्याच्या आधी बोलून गेलं. “गावाकडचे एक जण हायेत. वडलांनी कागद न्यायला पाठवलंय.”

सुंदरराव तोवर चार पावलांवर आले होते. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. मग त्यांनी कमरेचं फडक्यात बांधलेलं गाठोडं सोडलं आणि सुरजच्या हातात दिलं. “तुमच्या आईनं लाडू दिलेत,” ते म्हणाले. “घ्या.”

बापाच्या तोंडून ‘तुमच्या’ आणि ‘घ्या’ ऐकून सुरजच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण आता माघारी फिरायची सोय नव्हती. त्यानं मनाशी हिशेब केला, की हे दहा मिनिटांत जातील. पण बैल सावलीत रवंथ करायला बसले आणि सुंदरराव खेळ बघायला.

त्यांचं बघणं काही साधं नव्हतं. बाकीचे लोक चेंडूकडे बघतात. सुंदरराव उकिडवे बसून खाली जमिनीकडे बघत होते, आणि मधूनच मान हलवत होते. अर्ध्या तासानं केदारनाथ सरांना राहवलं नाही. आठ दिवसांत त्यांना बाप्पांच्या ड्रायव्हरपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांनी मतं दिली होती, त्यात आणखी एक. त्यांनी जवळ जाऊन विचारलं, की पाहुणे, तुम्ही काय करता, आणि बैलांची पारख करतो असं कळल्यावर अर्धवट थट्टेनं म्हणाले, “मग आमच्या ह्या सुरजची करा की. जू कुठल्या खांद्यावर द्यावं, तेच आम्हाला कळेना.”

सुंदरराव हसले नाहीत. उठून उभे राहिले. “माझी एक रीत हाय, साहेब. आपल्या दावणीच्या जनावराबद्दल मी तोंड उघडत न्हाई. आजवर कदी उघडलं न्हाई, म्हणून तर माझ्या शब्दावर लोक डोळे झाकून बैल नेत्यात. ह्ये पोरगं माझ्या नात्यातलं असंल तर मला इचारू नका.” आणि ते सुरजकडे वळले. “सांगा, पावणं. हाय का काई नातं?”

तेरा पोरं बघत होती. सुरज म्हणाला, “न्हाई.”

“मग बघू,” सुंदरराव म्हणाले.

त्यापुढचा प्रसंग सुरज जन्मात विसरणार नाही. सुंदररावांनी त्याला दहा पावलं चालायला लावलं, वळायला लावलं, मागं सरकायला लावलं. खांद्यावर थाप मारून कातडी थरथरते का ते पाहिलं. सवयीनं त्यांचा हात दात बघायला हनुवटीपर्यंत गेला, तेव्हा मात्र त्यांनीच तो आवरला. पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. सर वहीत लिहून घेत होते.

“पुढनं बघितलं तर सगळीच जनावरं देखणी दिसत्यात,” सुंदरराव म्हणाले. “मी मागचे पाय बघतो. ह्ये मागं सरतंय तवा पायात पाय येऊ देत न्हाई. आन नजर चेंडूवर न्हाई, समोरच्याच्या कमरंवर हाय. समोरचा हातानं फसवंल, डोळ्यानं फसवंल, कमरंनं कसा फसवंल? ह्याला त्या जाळीखाली उभा करू नका, तितं धक्क्याचं काम हाय आन ह्याच्या अंगात मास न्हाई. भायेर ठिवा. आन त्यो लाल बुटाचा हाय न्हवं, त्याच्या अंगावर सोडा.”

सरांनी लगेच वीस मिनिटांचा सामना लावला आणि सुरजला सुग्रीवसमोर उभा केला. सुरजच्या अंगात राग भरलेला होता, तो आण्णांवर होता की स्वतःवर ते त्याला कळत नव्हतं. त्या रागात त्यानं सुग्रीवला हलू दिलं नाही. रोज सरावात पंधरा-वीस गुण काढणाऱ्या सुग्रीवनं त्या दिवशी चार काढले, आणि शेवटी कमरेवर हात ठेवून तो सुरजला म्हणाला, “लई चिकट हाय बे तू.” सरांचा चेहरा उजळला. आठ दिवसांचं कोडं एका बैलवाल्यानं अर्ध्या तासात सोडवलं होतं.

“थांबा,” सुंदरराव म्हणाले. “खोड सांगितल्याबिगर मी सौदा होऊ देत न्हाई. आता दोनदा ह्याचा जोडीदार मोकळा उभा होता, हात वर करून. ह्यानं बघितलं आन न बघितल्यावानी केलं. चार लोक बघाया लागले की ह्ये आपला जोडीदार वळखत न्हाई.”

सुरज बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती.

सर मात्र खुशीत होते. ते म्हणाले, सुरज पक्का, आता पाचच्या आत वडिलांशी दोन शब्द बोलतो आणि कागद यांच्याबरोबर पाठवतो. त्यांनी अर्जावरचा वडिलांचा नंबर बघून मोबाइल काढला. सुरजनं मान वर केली. सुंदरराव पाठ वळवून बंडीच्या खिशातला फोन चाचपत होते. त्यांना फोन बंद करता येत नसे, घरी ते काम सुरजची आई सत्यभामाबाई करत. तरी ते ओठ घट्ट मिटून, मिळेल ते बटण दाबत होते. पोराचं खोटं उघडं पडू नये म्हणून हा माणूस अजूनही धडपडत होता.

“सर, नका लावू फोन,” सुरज म्हणाला. “ह्येच माझे वडील हायेत.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. केदारनाथ सरांनी मोबाइल खिशात ठेवला, आणि त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. त्यांनी सुंदररावांना विचारलं, की म्हणजे हे तुमचं दोघांचं ठरलेलं होतं का? परका माणूस म्हणून यायचं आणि पोराची शिफारस करून जायचं?

सुरजला वाटत होतं, की धोतर-फेट्यातला बाप पोरांना दिसला यापेक्षा लाजिरवाणं काही नाही. आता त्याला कळलं, की आहे. तीस वर्षांत बाजारात ज्यांच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती, ते आण्णा एका अनोळखी माणसासमोर मान खाली घालून उभे होते, आणि ते सुरजमुळे. भुई पोटात घेईल तर बरं, असं त्याला खरोखर वाटलं.

“ठरलेलं काय न्हवतं, साहेब,” सुंदरराव हळू म्हणाले. “तुमी इचारलं तवा मी ह्याचा कुणीच न्हवतो. तुमच्यासमोरच सांगितलं त्यानं. परक्याचं जनावर म्हणलं की खरं ते सांगावंच लागतं. आता मातर ते घरचं निघालं. माझं बोलणं सगळं पुसून टाका.”

“आण्णांची चूक न्हाई, सर,” सुरज म्हणाला. “मीच लाजलो.”

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, की तुमचं बोलणं पुसलं तरी वीस मिनिटं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, ते कसं पुसणार? पोरगा बाहेरून बचाव करील आणि संघात राहील. त्यांनी करार पुढं केला. सुंदररावांनी तो हातात घेतला, खालीवर केला आणि परत दिला.

“खोड लिवली न्हाई ह्यात.”

सरांना वाटलं थट्टा आहे. पण सुंदरराव सही करीनात. खोड लपवून दिलेलं जनावर माघारी येतं आणि दलालाचं तोंड काळं होतं, आज एकदा झालं तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी सरांनी शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. सुंदररावांचा चष्मा गाडीत राहिला होता. त्यांनी कागद सुरजपुढं धरला.

“वाच,” ते म्हणाले. दुपारपासून पहिल्यांदाच ते ‘तू’वर आले होते.

तेरा पोरांच्या समोर सुरजनं वाचलं, “बाहेरचा बचाव उत्तम.” पुढची ओळ वाचायला त्याला जरा वेळ लागला. “चारचौघांत आपला माणूस ओळखत नाही.”

“बरोबर हाय,” सुंदरराव म्हणाले. त्यांनी सरांकडून पेन मागून घेतलं, गुडघ्यावर कागद ठेवून सावकाश सही केली आणि पेन सुरजच्या हातात दिलं. शेऱ्याच्या खाली खेळाडूचीही सही लागत होती.