झाडाला टांगलेली सायकल

एका जंगलात, मुलांनो, रस्ता नव्हता, पण सायकल होती. जाड टायरची, गिअरची, डोंगर चढणारी. ती जंगलात कुठून आली ते विचारू नका. गोष्टीतली वस्तू कुठून आली असं विचारलं की गोष्ट तिथेच रुसून बसते.

ही सायकल रावबा नावाच्या साळिंदराची. डोंगरावर एक वैदू वानर राहायचा. त्याच्याकडून औषधं आणायची आणि खोऱ्यातल्या बिळाबिळांत पोचवायची, हे रावबाचं काम. कोणाला खोकला झाला, बोलवा रावबाला. कोणाच्या पिल्लाचं पोट दुखलं, बोलवा रावबाला. मग एकदा रावबालाच ताप आला. आता औषध आणायला कोण जाणार? जो जायचा तोच अंथरुणात. धाकट्या भावाला, कोंडूला, सायकल येत नव्हती. तो पायी पळाला आणि पायीच परत आला. साळिंदराचे पाय किती आखूड असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. औषध घरी पोचलं, पण रावबा तोवर थांबला नव्हता.

त्यानंतर कोंडू सायकल शिकला. पडत, आपटत, सायकलीला शिव्या देत शिकला. धीर म्हणून त्याला नव्हताच. शाळेतही तो 'ग'पर्यंत पोचला, आणि गुरुजींना काटे टोचून घरी आला. आता रावबाची औषधं तो पोचवू लागला.

सायकलीला एक खोड होती. चढाला लागली की ती कुरकुरायची. कुर्र, कुर्र. हल्ली मधेच आवाज लपायचा, मग परत कुर्र. खोड रावबाच्या वेळेपासूनची. अख्ख्या खोऱ्याला तो आवाज पाठ होता. आवाज आला की सशीण बिळातून मान बाहेर काढायची. भेकर चरता चरता थांबायचं. आणि सायकलीवर कोंडू दिसला की सगळ्यांची तोंडं पडायची.

सगळ्यांचं एक वेळ सोडा. कोंडूचं घर टेकाडावर होतं. घरासमोरचा शेवटचा चढ तो चढू लागला की आई दाराशी यायची. त्याला बघायची, आणि तिचंही तोंड पडायचं. कोंडूला वाटायचं, ही वाट बघते थोरल्याची, आणि दर वेळी येतो मी. मग त्याने ठरवलं, हा आवाज मारायचा. आवाज गेला की आईला आशा लागणार नाही. आशा लागली नाही की तोंड पडणार नाही.

आधी तो अस्वलाकडे गेला. अस्वलाच्या मते जगातली प्रत्येक कुरकुर कोरडेपणाने होते. त्याने चेनला मध लावला. कोंडू घरी पोचला तेव्हा त्याच्यामागे मुंग्यांची वरात होती, आणि पुढे कुर्र, कुर्र.

मग सुतारपक्षी. त्याने सगळ्या नळ्या चोचीने ठोकून पाहिल्या आणि गंभीरपणे सांगितलं की सायकल आतून पोकळ आहे. कोंडू म्हणाला, सगळ्याच सायकली पोकळ असतात. त्यावर सुतारपक्षी म्हणाला, म्हणूनच तर हा आजार सगळीकडे पसरलाय.

शेवटी कोल्हा. कोल्ह्याने नुकतीच आवाज निवारण समिती काढली होती. जंगलात कसलाच आवाज नसल्यामुळे समिती बसून होती. कोंडूला बघून सगळ्यांना फार आनंद झाला. सुतारपक्षी आणि अस्वलही समितीत होतेच. जे एकेकट्याला जमत नाही ते न जमवायला समिती लागते. जमिनीवर ठेवली तर जमिनीचा आवाज मिसळेल, म्हणून सायकल अंजनाच्या झाडाला टांगली. अस्वलाने पॅडल फिरवलं. चाक भिरभिरलं. सगळ्यांनी कान टवकारले. आवाज नाही. समितीने दोष दूर झाल्याचं जाहीर केलं आणि एकमेकांच्या गळ्यात रानफुलांचे हार घातले.

कोंडूने सायकल खाली काढली, वर बसला आणि दोन हात चढ चढला. कुर्र.

"ऐका," तो म्हणाला.

कोल्ह्याने डोळे मिटून विचार केला. "टांगलेली असताना आवाज येत नाही. तू बसलास की येतो. म्हणजे सायकल उत्तम आहे, बाळ. बिघाड तुझ्यात आहे."

"मग मी काय करू?"

"टांगून ठेव. रावबा होता तेव्हा कोणाची तक्रार नव्हती."

सुतारपक्षी पुढे झाला. कोंडूलाही जरा ठोकून पाहू, आतून पोकळ आहे का ते, असं त्याचं म्हणणं पडलं. पण तोवर कोंडूचे काटे उभे राहिले होते. समितीची बैठक घाईघाईने संपली. कोल्हा तर झाडावर चढला, जे कोल्ह्यांना येत नाही.

कोंडू संतापून निघाला. आता, मुलांनो, संतापलेलं साळिंदर सीटवर बसू शकत नाही. मागचे काटे उभे असतात. म्हणून घरापर्यंतचा चढ तो उभ्यानेच चढू लागला. अर्ध्यावर त्याच्या लक्षात आलं, आवाज नाही. राग जरा उतरला, तो बसला. कुर्र. पुन्हा कोल्हा आठवला, काटे उठले, तोही उठला. गप्प.

कोंडू तिथेच उतरला. सीट पिळून पिळून उपटली. सीटखालची दांडी ठणठणीत कोरडी, आणि नळीत धूळ. पिशवीत कोणाच्या तरी खरजेसाठी करंजाचं तेल होतं. त्याने दांडी पुसली, तेल चोपडलं, परत बसवली. मग ऐटीत बसून उरलेला चढ चढला. सायकल मांजरासारखी आली.

दाराशी कोणी नव्हतं. चूल थंड होती. आई पाठमोरी बसून कंद सोलत होती. ती दचकली.

"कधी आलास? भाकरी टाकली नाही मी. आवाज कुठे गेला?"

कोंडूने छाती काढून सगळं सांगितलं. कोल्हा सांगितला, दांडी सांगितली. सांगता सांगता छाती आत गेली. "तुला वाटायचं रावबा आला," तो म्हणाला. "म्हणून घालवला."

आईने कंद खाली ठेवला. "मला काय कळत नाही? रावबा सबंध चढ बसून यायचा. कुर्र, कुर्र, एकसारखी. तू दर वळणाला चिडतोस. कुर्र, गप्प, कुर्र. तुझी चाहूल लागली की तवा ठेवायचे मी."

"मग मला बघून तोंड का पाडायचीस?"

"अंगण बघ ते. सकाळी सारवलं, आणि तू मधून चाकं घातलीस. रावबा सायकल उचलून आणायचा." तिने कंद पुन्हा हातात घेतला. "आणि थोडं त्याच्यासाठी पडायचं. तेवढं पडू दे की रे."

कोंडू बाहेर आला. त्याने सीट पुन्हा उपटली. तेल पुसलं, वाटेवरची चिमूटभर माती नळीत टाकली आणि दांडी ठोकून बसवली. मग सायकल ढकलत चढाच्या तळाशी गेला, अर्थात अंगणातूनच, आणि पुन्हा चढू लागला.

कुर्र. गप्प. कुर्र.

वर घरातून धूर निघाला.

तात्पर्य : बिघाड शोधायचा असेल तर सायकलीवर बसावं. शोधायचा नसेल तर समितीत बसावं. आणि चुकून सापडलाच, तर घरी विचारल्याशिवाय दुरुस्त करू नये.