रात्री उशा किती?

कुसुमताईंनी पहिल्याच भेटीत मला 'नमस्कार'ऐवजी "आ कर" म्हटलं. मी केला. त्यांनी घशात डोकावलं, मान चाचपली.

"रात्री उशा किती घेतोस?"

"दोन."

"घोरतोस?"

"बायको म्हणते तसं."

"डॉक्टरची केस!" असा निकाल देऊन त्या पुढे गेल्या.

एडमंटनच्या एका हॉस्पिटलात मी पोर्टर, ऑपरेशनचे पेशंट ने-आण करणारा. कुसुमताई भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या असिस्टंट. अमेरिकेत नर्स असून त्या स्वतः भूल देत. अर्धं राज्य झोपवलं असेल, गव्हर्नरसकट. नवऱ्याच्या नोकरीपायी कॅनडात आल्या आणि कळलं, इथं भूल डॉक्टरनेच द्यायची, नर्सने शेजारी उभं राहायचं. तेव्हापासून त्यांनी अख्ख्या मनुष्यजातीची वाटणी सुरू केली. लांब मानेचे, एका उशीवर गप झोपणारे, म्हणजे भूल द्यायला सोपे, ते 'माझी केस', बाकी डॉक्टरची. एका लग्नात नवरदेवाची आखूड हनुवटी पाहून त्यांनी वधूपित्याला बाजूला घेतलं. "मुलगा चांगलाय हो, पण भूल देताना घशात नळी घालायला जड जाईल." लग्न झालं, वधूपिता मात्र जेवला नाही.

एकच ध्यास: मोतीबिंदूच्या ऑपरेशनची खोली. हलकी भूल ताई देणार, डॉक्टर दाराबाहेर, हाक मारली की येणार. भूलविभागाचे प्रमुख डॉ. ग्रँट यांना त्यांनी लिफ्टमध्ये गाठलं, कॅफेटेरियात गाठलं, उणे तीसमध्ये त्यांच्या गाडीवरचा बर्फ खरवडत गाठलं. दोन हजार सतराच्या हिवाळ्यात ग्रँट शरण आले. "एक सकाळ देतो. मी बघेन, मग ठरवेन."

पहिली पेशंट वसईच्या फिलोमिना आजी. मीच स्ट्रेचर ढकलत आणलं.

"आजी, रात्री उशा किती?"

"उशा कसल्या गं बाय! मी खुर्चीतच झोपते. आडवी झाले की जीव गुदमरतो."

ताईंनी मागे वळून पाहिलं. ग्रँट दारात उभे. मी पुटपुटलो, "ताई, एक उशी म्हणा. इथं मराठी कुणाला कळतंय?"

"तोंड मिट!" मला एवढं सुनावून त्या ग्रँटकडे वळल्या. "डॉक्टर, ही केस तुमची."

डोक्याशी ग्रँट बसले, आजींची पाठ उंच केली. चेहऱ्यावर हिरवं कापड आलं की पेशंटने बोलायचं नसतं, हलायचं नसतं. खोकला आला तर हात दाबायचा. तो हात धरायला एरवी व्हॉलंटियर असतो. ताईंनी स्टूल ओढलं. आजींना परत न्यायचं म्हणून मी शेजारीच थांबलो होतो.

"बोलायचं नाही हं आजी. मीच बोलते." आणि इतका मोठा आवाज असलेली बाई चक्क कुजबुजू लागली. "आमच्या यांच्या ऑपरेशनला मला आत घेतलं नाही. एवढंच विचारायचं होतं हो, हात कुणी धरलाय का... ते गेले. मुलगा व्हँकुव्हरला, फोनवर 'ओके मॉम' म्हणतो. घरी मराठीत बोलायला तळघरातला हीटिंगचा फर्नेस आहे. तो निदान गुरगुरतो तरी. परवा कपाट उघडलं, तर यांचा विंटर कोट..."

"डन," सर्जन म्हणाले. कापड निघालं.

"कुसुम, पुढच्या केसपासून ही खोली तुझी," ग्रँट इंग्रजीत म्हणाले. दोनदा म्हणाले. ताईंचं लक्षच नव्हतं. आजींनी त्यांचा हात सोडला नव्हता.

"मग? त्या कोटाचं काय केलंस गं?"