चार नंबरचा वाघ

सरपंच पुष्पाबाईंनी रंगमंचाच्या लाकडी तखतावर पाय रोवून नारळ फोडायला हात उचलला आणि वाघाने डरकाळी फोडली. नारळ हातातून सुटला तो थेट त्यांच्या पायावर. मंडईच्या जत्रेला जमलेली गर्दी आधी दचकली, मग खो खो हसली.

"कोन लावला हात माह्या पॅडले?" लीलाधर ओरडला.

हात कोणीच लावला नव्हता. दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, यंदा जुन्या वादकाची, बकारामची ढोलकी बाजूला सारून लीलाधरची सहा इलेक्ट्रॉनिक पॅडं आणली होती, तीही त्याच्याच हट्टापायी. फजिती झाली तर लीलाधर मंडळाबाहेर, असं मंडळप्रमुख शालीकरामने तोंडावर सांगितलं होतं. बकाराम मुद्दाम पहिल्या रांगेत, ढोलकी मांडीवर घेऊन बसलेला. ते पाहून लीलाधरचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं.

"तूच वायर उलटे लावलास!" तो वायरी जोडणाऱ्या टेकचंदवर धावला.

"नाही ना भाऊ! पॅड त मुकाच रायते. रबराखालची चकती ठोका वळखते न् वायरीतून मशीनले सांगते. वायर ज्या भोकात, तसा आवाज. चारमंदी वाघ. बराबर लावलो मी."

"मंग हा आपोआप काऊन बोंबलून रायला?" लीलाधरने ताडकन पाय आपटला. लगेच डरकाळी!

"पाय नोको आपटू ना! चार नंबर तूच फुल करून ठेवलास."

खरंच होतं ते. तालमीत वाघ हळू बोलला म्हणून लीलाधरनेच चार नंबर इतका हळवा करून ठेवला होता, की तखताची फळी हलली तरी चकतीला तो ठोकाच वाटायचा. पण चूक कबूल करील तो लीलाधर कसला? त्याने पुन्हा पाय आपटला. वाघही पुन्हा बोलला.

"लीला, तू शांत राय, वाघ झोपते," बकाराम खालून गोडीत म्हणाला.

लीलाधरच्या अंगाचा तिळपापड झाला. चार नंबरची वायर हिसडून त्याने गर्दीत भिरकावली.

दंडार सुरू झाली. उरलेली पाच पॅडं अशी वाजली, की बकारामचीही मान डोलली. मग वाघाचा प्रवेश आला. पिवळे पट्टे ओढलेल्या हेमेंद्रने जबडा उघडला. लीलाधरने चार नंबरवर काठी हाणली. आवाज नाही. पुन्हा हाणली. हेमेंद्र बिचारा जबडा वासून उभाच. मग लीलाधरला वायर आठवली.

"झोपला वाटते," बकाराम म्हणाला.

आता मात्र सहन होईना. सकाळपासूनचा सगळा राग एकवटून लीलाधर माइकमध्ये असा गरजला, की हेमेंद्र तखतावरून खाली पडला आणि मागे बांधलेल्या बकऱ्या दावी तोडून पळाल्या. मग टाळ्याच टाळ्या. पुष्पाबाई तर दुखऱ्या पायावर उभ्या राहिल्या.

"पुढच्या मंडईलेबी लीलाधर पक्का!" शालीकरामने जाहीर केलं.

लीलाधरची छाती फुगली. "मंग पॅड अजून दोन वाढवू का?"

"पॅड राहू दे घरी. ढोलकी बकाराम वाजवंल," शालीकराम म्हणाला. "न् वाघाच्या आंधी तुले चिडवाचं कामबी त्याच्याचकडं."